दोन्ही खांदे

वस्ताद, तुमची पाठ लागली होती.

इतकी वर्षं हे वाक्य मी तुम्हाला ऐकवलं आणि दर वेळी तुम्ही ती जाडजूड मान हलवून म्हणालात, "नो टच, बालू. ब्रिज." आज पहिल्यांदाच समोरून उत्तर येणार नाही. आणि नेमकं आजच ते यावं असं वाटतंय. भांडा माझ्याशी. तुम्ही भांडत होतात तोवर मी जिंकलेला होतो.

गावाकडून तालमीच्या आप्पांचे फोनवर फोन चाललेत. "बाळू, गबरू वस्ताद गेलं म्हणं. यंदाच्या कुस्ती मैदानाची स्मरणिका त्यांच्या नावानं काढतोय. लेख तुजाच पायजे. जरा जोरात लिव्ह. फोटो पानभर छापतोय." तेव्हा लेख तालमीचा आहे, पण बोलायचं तुमच्याशी आहे. तुम्हाला मराठी येत नव्हती. 'बास', 'चहा', 'लई भारी' आणि दोन शिव्या, एवढीच तुमची पुंजी. आपलं सगळं चालायचं मोडक्या अरबीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत. मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. मनातलं सांगितलं ते तुम्हाला एकदाच, आणि त्याचं तुम्ही काय केलंत ते आत्ता कळतंय.

सौदीतल्या खमीस मुशैतला आमचा कॅम्प वादीच्या काठाला होता, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या. शुक्रवारी जुम्म्याची नमाज उरकली की तिथं कुस्त्या व्हायच्या. आम्ही वारणाकाठचे चार-पाच वेल्डर-फिटर, बाकी पंजाबी, पाकिस्तानी, आणि पंच म्हणून दापोलीकडचे युसूफचाचा, क्रेनवरचे. वादीतली मऊ माती चाळून, लिंबं पिळून, हळद-तेल घालून, ताकाच्या जागी लबनचे डबे ओतून आम्ही हौदा तयार केला होता. मूठभर माती नाकाशी धरली की तालमीचा वास यायचा, फक्त जरा फ्रीजमधून काढल्यासारखा.

एका शुक्रवारी तुम्ही काठावर येऊन उभे राहिलात. पिकलेल्या मिशा, झिजलेले गुडघे आणि गोळा झालेले कान. कान बघितले आणि मी गड्यांना म्हटलं, "ह्यो आपल्यातला हाय." तुम्ही बूट काढले, आमचं बघून माती कपाळाला लावली आणि नाव सांगितलंत, गाबोर. शहरातल्या एका क्लबात पोरांना कुस्ती शिकवायला हंगेरीहून आलेले. पंजाब्यांनी त्याच दुपारी तुमचं गबरू करून टाकलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला गबरू, म्हणजे तरणाबांड! तुम्हाला अर्थ सांगितला तेव्हा तुम्ही आरशात बघून मिशा पिळल्यात.

तुम्ही तिकडं केवढे मोठे होतात ते आम्हाला तुर्की न्हाव्यानं सांगितलं. आठवतंय? तुम्ही खुर्चीत बसलात, त्यानं साबण लावला, कान बघितले, तोंड बघितलं आणि वस्तरा खाली ठेवून तुमच्या हाताचं चुंबन घेतलं. दुकानातल्या सगळ्यांना त्यानं उभं केलं. म्हणाला, माझ्या बापानं या माणसाचं चित्र भिंतीला लावलं होतं. हा गुणांवर हरलाय, पण याचे दोन्ही खांदे कुणी टेकवलेले नाहीत. कधीच नाही. तुम्ही अर्ध्या दाढीनिशी बसून होतात आणि लाजत होतात.

का टेकले नाहीत, ते तुमच्या खोलीतल्या गालिच्यावर आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही डोक्यावर आणि पावलांवर कमान करायचात, तोच तुमचा ब्रिज, पाठ अधांतरी, आणि पोटावर युसूफचाचांना बसवायचात. चाचा तिथं बसून अख्खा चहा संपवत. "अरे बाला, हा मानूस नाय, साकव हाय साकव," असं वरून सांगत. एवढा भरलेला माणूस पोटावर, आणि तुमच्या पाठीखालून मांजर गेलं असतं.

माझी गोष्ट वेगळी. मला गावात बाळू म्हणत नसत, 'बरोबरी' म्हणत. लहान-मोठ्या कितीतरी मैदानांत लढलो, पण माझी कुस्ती कधी निकाली झाली नाही. मी कुणाला पाडायचो नाही, कुणी मला पाडायचं नाही. शेवटी पंच कंटाळायचे, दोघांचे हात वर करायचे आणि बरोबरीत सोडवायचे. माझा बाप जुना मल्ल. त्याला तरुणपणी एका मैदानात कुणा बड्याच्या पुतण्याशी नुरा खेळायला सांगितलं होतं. वरवर झटायचं, आतून ठरलेलं असायचं, ती नुरा. बाप म्हणाला, "नुरा खेळण्यापरास म्हशी वळीन." त्यानंतर त्याला कुणी मैदानाला बोलावलं नाही, आणि त्यानं खरोखरच म्हशी वळल्या. मी परमुलखात आलो तरी फोनवर त्याचा एकच प्रश्न असायचा, "निकाली केलीस का रं एखादी?"

तो खाटेला खिळला त्याच आठवड्यात तुमच्याशी माझी जोड लागली होती. मला सुट्टी मिळत नव्हती. पासपोर्ट कफीलकडं, म्हणजे तिथल्या मालकाकडं, आणि तो परदेशात. कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या खोलीवर आलो, आणि कधी नव्हे ते बोललो. बाप जातोय म्हणालो. त्याला मरायच्या आत एक निकाली कुस्ती ऐकायचीय म्हणालो. तुम्ही चहा ओतलात. मग एकदम कामाचं विचारलंत, तुमच्या मातीतला नियम काय? मी म्हटलं, गुण नाहीत, वेळ नाही. पाठ लागली की संपलं.

तुम्ही विचारलंत, "मी थ्रो करतो. थ्रोमध्ये माझी पाठ आधी लागली तर?"

मी चहाचा रिकामा पेला गालिच्यावर उपडा घातला. "खलास."

"वन सेकंड लागली तर?"

मी पेल्यावर हात ठेवला. "तरी खलास."

मला वाटलं, पैलवान माणूस सावध आहे, डावाची धार बघून ठेवतोय.

दुसऱ्या दिवशी हात मिळवले. मी पट काढायला गेलो तर तुम्ही नुसतं वरून दाबून धरलंत. मग कधी खाली शिरलात कळलं नाही. कमरेला तुमच्या हातांचा पट्टा बसला, पायाखालची माती सुटली आणि मी वर गेलो. खमीसला दुपारचे ढग खाली उतरतात, ते मला तेवढ्यात दिसले, मग डोळे मिटले. आपटलो. मनात म्हटलं, झालं. उठून बघतो तर युसूफचाचा माझा हात वर करत होते.

पंजाबी खवळले. "चाचा, फेंका तो गबरू ने है!"

"फेंका तो फेंका," चाचा ओरडले, "पीठ पहले किसकी लगी? इसके कंधे देखो!"

कुस्ती सुरू होऊन इतका थोडा वेळ झाला होता की तुमची पाठ कोरी होती. फक्त दोन्ही खांद्यांवर ओल्या मातीचे दोन थापे. मग तुम्ही जो तमाशा केलात! पाण्याची बाटली भिरकावलीत, तुमच्या भाषेत चाचांच्या सात पिढ्या काढल्यात, "ब्रिज! ब्रिज!" म्हणून छाती बडवलीत, आणि मग मोठ्या नाखुशीनं माझा हात धरलात. कुणीतरी डोक्यावरचा लाल चौकटीचा गुत्रा काढला आणि फेट्यासारखा माझ्या डोक्याला बांधला. एकानं मोबाइलवर नेमका मी हवेत असतानाचा फोटो काढला होता, तोच आज आप्पा पानभर छापतायत.

तिथूनच घरी फोन लावला. मला बोलवेना, चाचांनी घेतला.

बापाचा आवाज बारीक आला, "दोन्ही खांदं टेकलं, का येकच?"

"दोन्ही, मामा, दोन्ही! मी सोता पंच व्हतो. माज्या डोल्यांनी पायलं."

मग बाप म्हणाला, "मंग निकाली."

त्यानं गल्लीत गूळ वाटायला लावला. पुढच्या शुक्रवारच्या आत गेला. मी मातीला पोचलो नाही. आई म्हणाली, हसत गेला. त्या दिवशी तुम्ही कॅम्पवर येऊन माझ्या कॉटच्या कडेला बसून राहिलात. एक शब्द नाही. वस्ताद, त्या गप्पपणाचे मी किती वर्षं उपकार मानले!

गावानं तो फोटो मोठा करून तालमीत लावला, खाली फळ्यावर ओळ लिहिली. 'युरोपच्या चॅम्पियनला चीत करणारा आपला बाळू.' फळ्यावर हरलेल्याचं वय लिहीत नाहीत. पोरं हौद्यात उतरायच्या आधी हनुमानाला हात जोडतात, मग त्या फोटोला. माझं 'बरोबरी' हे नाव एका शुक्रवारात पुसलं गेलं.

पुढं मी रियाधला फोरमन होऊन आलो, बायको-पोरगी आली, तुम्हीही तिथंच एका अकादमीत आलात. आणि आपलं भांडण सुरूच. मेट्रो नवी निघाली तेव्हा आपण दोघं उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. डब्यात एका म्हाताऱ्या इराण्यानं तुम्हाला ओळखलं आणि जागेवरून उठून तुमच्या खांद्याला ओठ लावले. खांद्याला! तुम्ही माझ्याकडं बोट दाखवून त्याला म्हणालात, "हा बघा, हा सगळीकडं सांगतो मला पाडलं म्हणून." इराणी माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी चोर आहे. मी म्हटलं, "पाठ लागली होती." तुम्ही म्हटलंत, "नो टच." पुढच्या स्टेशनवर इराणी उतरून गेला तरी आपलं चालूच.

मग तुमचं दुखणं निघालं आणि तुम्ही मायदेशी गेलात. शेवटचा फोन आठवतो. आवाज इतका खाली गेला होता की मला बापाचीच आठवण झाली. आणि तरी मी काय बोललो? "वस्ताद, आता तरी कबूल करा." तुम्ही म्हणालात, "नो टच, बालू." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "इंता कज्जाब." मरायला टेकलेल्या माणसाला मी तोंडावर खोटारडा म्हटलं. तुम्ही हसलात. हसता हसता खोकला लागला, आणि मी फोन ठेवला. त्यानंतर दोनदा तुमचा फोन आला. मी उचलला नाही. म्हटलं, बसू दे रुसून.

मग बातमीच आली.

अंत्ययात्रा पोरीनं, सईनं, मला तिच्या लॅपटॉपवर दाखवली. तुमच्या गावातले रस्ते माणसांनी भरलेले. तुमच्या जुन्या क्लबाच्या पायऱ्यांवर कुस्तीच्या पोशाखातली पोरं हातात दिवे घेऊन उभी. पांढऱ्या केसांच्या बाया तुमचं तरुणपणीचं चित्र छातीशी धरून. चाळीस-चाळीस वर्षं माणसं एका पैलवानाला विसरत नाहीत, हे बघून मला माझ्या घरातलं कुणी मोठं झाल्यासारखं वाटलं. त्याखालीच एक मुलाखत होती, गेल्या वर्षीची. मोठा हॉल, समोर लोक, तुम्ही कॉफी घेऊन बसलेले. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. इथल्याच शाळेत वाढलेली सई वाचून हिंदीत सांगत होती.

मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, सगळ्या कारकिर्दीत तुमचे खांदे कधीच टेकले नाहीत ना?

तुम्ही एक बोट वर केलंत.

"बाबा," सई म्हणाली, "ये तो आपके बारे में बोल रहे हैं!"

तुम्ही म्हणालात, एकदा. सौदीत. एक भारतीय वेल्डर होता. आदल्या दिवशी त्याला विचारलं, माझी पाठ एक क्षण लागली तर? तुम्ही कॉफीचा कप उचललात आणि बशीवर उपडा घातलात. "खलास." तो शब्द सईला वाचावा लागला नाही. त्या पेल्याचं जगात आपल्या दोघांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं, त्यामुळं ही बढाई आहे असं म्हणायचीही मला सोय ठेवली नाहीत. तुम्ही म्हणालात, दोनदा विचारलं, खात्री करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही खांदे मीच ठेवले. आयुष्यातला सगळ्यांत अवघड डाव. मान ऐकतच नव्हती.

त्यानं विचारलं, त्या माणसाला माहितेय?

"नाही," तुम्ही म्हणालात. "कळू नये म्हणून मी दर वेळी त्याच्याशी भांडतो. तो चांगला चिडतो."

हॉल हसला. टाळ्या पडल्या.

"बाबा, इट्स सो स्वीट!" सई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

स्वीट. तिला नुरा म्हणजे काय ते मला सांगता येईना. म्हटलं, मॅच फिक्सिंग. ती म्हणाली, "पर पैसा तो नहीं लिया ना किसी ने?" नाही घेतला. पैसा घेतला असता तर दोघांनी मिळून पाप केलं असतं. तुम्ही एकट्यानं केलंत आणि मला त्यात जिंकवलंत. मी तुमच्याकडं भीक मागायला आलो नव्हतो, वस्ताद. मन मोकळं करायला आलो होतो. तुम्ही माझं रडणं ऐकलंत आणि माझं माप काढलंत, की याच्यानं हे होणार नाही, याला वाढायला हवं. हॉलभर लोकांना सांगितलंत, अख्ख्या देशाला सांगितलंत. ज्याची कुस्ती त्यालाच तेवढं नाही.

आणि माझा बाप. ज्यानं नुरा नको म्हणून म्हशी वळल्या, त्याच्या तोंडात शेवटचा गूळ तुम्ही नुराचा घातलात. मरणाऱ्या माणसानं नीट विचारलं होतं, दोन्ही का एकच. चाचांनी खरं सांगितलं, मी खरं समजलो, त्यानं खरं मानलं. खोटे फक्त तुम्ही होतात. हे मला गिळवत नाही. तुम्ही समोर असता तर मी तुमची गचांडी धरली असती, मग तुम्ही मला हवेत उडवलं असतंत तरी चाललं असतं.

आता उरलेलंही सांगतो. तेही कधी बोललो नाही.

त्या दिवशी हवेत असताना माझ्या कमरेवरचा तुमचा पट्टा सैल झाला होता. किंचित. आपटणारा माणूस आवळतो, सोडत नाही. कुस्ती खेळलेल्या अंगाला हे कळतं, डोळे मिटलेले असले तरी. माझ्या अंगाला कळलं होतं. मग चाचांनी हात वर केला, डोक्याला गुत्रा बांधला, बाप "निकाली" म्हणाला, आणि मी अंगाला पुन्हा कधी बोलू दिलं नाही. म्हणून तर तुमच्या मागं लागत होतो, कबूल करा, कबूल करा. ज्याला खात्री असते तो असा वर्षानुवर्षं कबुली मागत फिरत नाही. तुम्हाला हेही दिसलं असणार. तुम्ही दर वेळी "नो टच" म्हणालात आणि मला आणखी थोडे दिवस जिंकलेलं ठेवलंत. तुम्ही मला फसवलंत, आणि मी फसायला येऊन बसत होतो.

काल आप्पांना फोन करून सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग ओरडले.

"येडा झालास काय रं? पोरं त्या फोटोला हात जोडत्यात! बापाचं नाव जाईल तुज्या."

"आप्पा, नुरावर राहिलेलं नाव बापानंच पुसून टाकलं असतं."

"मग काय, फोटो उतरवू म्हणतोस?"

"नको. फोटो राहू दे. खालची ओळ पुसा."

"आन पोरांला काय सांगू?"

फोटो माझ्यासमोर होता. मी हवेत, डोळे गच्च मिटलेले. तुम्ही खाली कमानीत, डोकं उलटं, डोळे सताड उघडे. तुम्ही माती बघताय. कुठं टेकायचं ती जागा बघताय. इतकी वर्षं हा फोटो मी बघितला आणि फक्त स्वतःकडं बघितलं.

"पोरांला म्हणावं, खालच्या माणसाकडं बघा," मी म्हणालो. आप्पा लेख पाठव म्हणाले, जसा आहे तसा.

तेव्हा घ्या, वस्ताद. तुमची कमान पडली नव्हती. तुमचे खांदे कुणी टेकवलेले नाहीत, मी तर नाहीच. हरलो. आणि खोटारडा म्हटलं त्याची माफी मागत नाही, कारण ते खरं निघालं. फोन उचलला नाही, त्याची मागतो.

एकच मागणं. तुम्ही गेलात तिकडं माझा बाप असेल. लुकडा, मिशीवाला, कान तुमच्यासारखेच. तो तुम्हाला लगेच ओळखेल आणि जोड मागेल. त्याची दया करू नका. त्याच्याशी खरी लढा आणि त्याला चीत करा. दोन्ही खांदे टेकवा. त्याला ते चालेल.